बिबट्याच्या पिंजऱ्यात माणूस

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, उंदराचाही नव्हे. मी बिबट्या धरायचा पिंजरा. आजपर्यंत माझ्यात सात बिबटे कोंडले गेले आणि एक माणूस. बिबट्यांचं ठीक आहे, त्यासाठीच मला बनवलं होतं. त्या माणसाची गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म काष्टीचा. तिथे बाजारतळाच्या मागे छगन नावाच्या वेल्डरचं दुकान होतं. तो ट्रॉलीचे हूक करायचा, बंगल्यांची फाटकं करायचा, गोठ्याच्या जाळ्या करायचा. पिंजऱ्याचं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. त्याने जाड अँगलचा सांगाडा उभा केला, त्याला बोटाएवढ्या सळया जोडल्या. मागच्या बाजूला शेळी बांधायला एक लहान कप्पा केला आणि मध्ये दाट जाळी लावली. बिबट्याला शेळी दिसावी, पण तिला त्याचा पंजा लागू नये. पुढे वरून खाली पडणारं पत्र्याचं जड दार. आत एक फळी. फळीवर पाय पडला की खटका सुटायचा आणि दार दोन बाजूंच्या खाचांतून धाडकन खाली यायचं.

त्या दोन खाचा छगन दोन दिवस घासत होता. त्याची बायको आक्काबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "एवढं काय त्या खाचंत? सळया बगा की नीट."

"सळया वाकल्या तर वाकू दे," छगन म्हणाला. "दार अडकलं तर समदा पिंजरा भंगारात गेल्यावानी हाय."

मी तेव्हा नवा होतो. मला वाटलं, हा माणूस उगाच काळजी करतो.

माझी पहिली कामगिरी घोड नदीकाठच्या एका गावात झाली. रात्री बिबट्या सापडला आणि सकाळी गाव जमा झालं. कुणी माझ्यावर गुलाल टाकला, कुणी नारळ फोडला. माणसं मोबाईल वर करून फोटो काढत होती. शाळेतल्या मुलांना गुरुजींनी रांगेने आणून मला दाखवलं. आत बिबट्या सळया चावत होता. त्याचा एक सुळा तुटला, तोंडातून रक्त येऊ लागलं. खरं सांगतो, मित्रांनो, मी त्या रक्ताकडे नीट पाहिलंच नाही. इतकी माणसं माझं कौतुक करत होती की मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग हलके, चाकांवर सहज ओढता येणारे नवे पिंजरे आले. मला उचलायला आठ माणसं लागत, म्हणून मला वनखात्याच्या रोपवाटिकेच्या मागे उघड्यावर टाकून दिलं. तीन पावसाळे मी तिथे काढले. एका कुत्रीने माझ्यात पिल्लं घातली. घाणेरीची झुडपं माझ्या सळयांमधून वाढली. दाराच्या खाचांत पाणी साचलं, गंज धरला. उजवी खाच तर एका ट्रॅक्टरचा धक्का लागून आत दबली होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मग तिथे कल्याण नावाचा नवा वनरक्षक आला. तो तिसगावकडचा. त्याचे आईबाप दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि तो लहानपणी त्यांच्याबरोबर उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत म्हणजे कोपीत राहिला होता. त्याने घाणेरी उपटली, तारेच्या ब्रशने मला घासलं, आपल्या मोटारसायकलचं जळकं ऑइल माझ्या खाचांत ओतलं. दार दोनदा वर-खाली करून पाहिलं. एकदा पडलं, एकदा अडकलं. त्याने दुरुस्तीसाठी अर्ज केला. महिन्याने स्मरणपत्र दिलं. वरून उत्तर आलं की नवीन पिंजरे येणार आहेत, तोवर थांबा.

त्या हिवाळ्यात मोरदरा गावाने वनखात्याकडे तिसरा अर्ज दिला. गावातली कुत्री नाहीशी झाली होती, शेळ्या गेल्या होत्या, एका गोठ्यातून वासरू ओढून नेलं होतं. सगळे चांगले पिंजरे दुसरीकडे लागलेले होते. शिल्लक मी. म्हणून मला पाठवलं.

उपसरपंच मच्छिंद्र यांच्या उसाच्या बांधावर मला ठेवलं. कल्याण खाली उतरला आणि आधी माझ्याकडे न बघता समोर बघत राहिला. माझ्यापासून पन्नास पावलांवर, उसाला अगदी चिकटून, ऊसतोड कामगारांच्या अकरा कोप्या होत्या. बाहेर चुली होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. एक म्हातारी दगडावर कोयता पाजळत होती. तिचं नाव रंगुबाई, हे मला पुढे कळलं.

"आज्जी, हितं कुणी घातल्या कोप्या?" कल्याणने विचारलं.

"मालकानं जागा दावली, घातल्या."

"वाघ हिंडतोय की हितं."

"आमाला कोन इचारतंय, लेका," ती म्हणाली आणि पुन्हा कोयता घासू लागली.

कल्याणने माझ्या टपावर कागद ठेवून तिथेच पत्र लिहिलं. लिहिताना तो अर्धवट पुटपुटत होता, म्हणून मला मजकूर कळला. कोप्या उसापासून हलवाव्यात. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाशेजारी मोकळं मैदान आहे, तिथे जागा द्यावी, एक दिवा लावावा. पत्र घेऊन तो स्वतः कार्यालयात गेला. कोप्या मात्र हलल्या नाहीत.

सहाव्या दिवशी दिवस बुडताना बिबट्या आला. मादी होती, अंगाने भरलेली. माझ्यातली शेळी ओरडायला लागली. मादीने दोनदा माझ्याभोवती फेरी मारली आणि हळूच आत पाय टाकला. फळी दबली. खटका सुटला. दार निघालं, वीतभर खाली आलं आणि उजव्या खाचेत अडकलं. ती दचकून मागे फिरली, अंग घासत दाराखालून निघाली आणि उसात गेली.

मित्रांनो, मला एकच काम येतं. ते मला जमलं नाही.

सकाळी कल्याण आला. आतल्या मातीतले ठसे त्याने पाहिले, दाराच्या कडेला चिकटलेले केस पाहिले. बांधावर बसून त्याने फोन लावला आणि दुसरा पिंजरा मागितला. दोन दिवस लागतील असं उत्तर मिळालं. त्याने हातोडीने माझी खाच ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला. ती थोडी सरळ झाली. पुरेशी झाली नाही. दुसरा पिंजरा तिसऱ्या दिवशीही आला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला रंगुबाईची सून कालव्याच्या चारीवर पाणी आणायला निघाली. वय तेवीस. तिचा नवरा सहादेव गाडीत मोळ्या भरत होता. मादी उसातून निघाली, तिने सुनेची मान धरली. रंगुबाई कोयता घेऊन ओरडत धावली. तिच्या ओरडण्याने मादीने सुनेला सोडलं आणि ती पळाली, पण तोपर्यंत सगळं संपलं होतं. हे माझ्या समोर झालं. माझं दार उघडं होतं आणि मी तिथेच उभा होतो.

दहा वाजेपर्यंत मोरदरा फाटा बंद झाला. टायर पेटले. वनखात्याच्या जीपच्या काचा फुटल्या. एका एसटीवर दगड आले आणि चालकाच्या डोक्याला खोक पडली. सहादेव मढ्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खास ग्रामसभा बोलावली. पुरावा म्हणून मला ट्रॅक्टरला बांधून ओढत कार्यालयापुढच्या मैदानात आणून उभं केलं.

मैदान भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर सरपंच सविताताई, उपसरपंच मच्छिंद्र, श्रीमंत नावाचे एक सदस्य आणि टेबलाला टेकून ग्रामसेवक. पायऱ्यांवर बायका. अगदी मागे, देवळाच्या भिंतीपाशी, ऊसतोडीची टोळी कोयते मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीच्या कडेला काही पोरांनी दगडांचा ढीग करून ठेवला होता, आणि तो ढीग सगळ्यांना दिसत होता.

सभा सुरू होणार तेवढ्यात शेतातून चालत कल्याण आला. त्याचे साहेब फाट्यावर अडकले होते, गाडी पुढे येत नव्हती. हा एकटाच निघाला होता. खांद्याला पिशवी, पिशवीत पंचनाम्याचे कागद. त्याला बघून लोक उठले.

"ह्यो बगा, आला!"

"काल कुठं हुता रं?"

कुणीतरी त्याची कॉलर धरली. कुणी पाठीत गुद्दा घातला. त्याची टोपी खाली पडली आणि पायाखाली गेली. "कोंडा त्याला पिंजऱ्यात! त्याला बी कळू द्या!" असा एक आवाज आला आणि मग तोच आवाज शंभर तोंडांनी आला. त्याला ढकलत माझ्यात घातलं. दार चौघांनी हाताने दाबून खाली आणलं. खालच्या कडीला साखळी घातली, कुलूप लावलं. मच्छिंद्र पुढे आले, किल्ली काढून घेतली आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकली.

आतापर्यंत माझ्यात आलेला प्रत्येक जीव सळयांवर धडका मारायचा. कल्याणने मारली नाही. तो मधोमध बसला, कारण कडेला बसलं की बाहेरून लोक काठ्या टोचत होते.

मच्छिंद्रांनी माईक घेतला. "तीन अर्ज दिले आमी. तीन! कुत्री गेली, शेरडं गेली, वासरू गेलं, कुनी फिरकलं न्हाई. आता बाई गेली तवा ह्यो कागद घिऊन आलाय!"

टाळ्या पडल्या. मित्रांनो, ते जे बोलत होते ते खोटं नव्हतं. अर्ज तीन दिले होते आणि मी तिसऱ्या अर्जानंतर आलो होतो, तोही असा.

"लिवा, भाऊसाहेब," श्रीमंत ग्रामसेवकांना म्हणाले. "बिबट्याला गोळी घालत न्हाईत तवर ह्याला सोडायचं न्हाई. आन् वनखात्याचा मानूस गावात दिसला तर त्यो आपल्या पायानं माघारी जानार न्हाई."

"असं ठरावात लिहिता येत नाही," ग्रामसेवक दबक्या आवाजात म्हणाले.

"मग काय येतं तुमाला लिवता?"

लोक हसले. ते हसू ऐकून मला वाटलं, यापेक्षा बिबट्याची गुरगुर बरी.

सविताताईंचा फोन वाजला. त्या बाजूला झाल्या, पण माझ्या अगदी जवळ आल्या म्हणून मला ऐकू आलं. फाट्यावरचे फौजदार बोलत होते. एका तासात माणूस बाहेर आला नाही तर पोलीस आत घुसतील, मग कुणाला लागलं-पडलं तर सांगू नका. ताईंनी फोन ठेवला, भिंतीकडच्या दगडांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"पोलिसांचा फोन होता," त्या माईकवर म्हणाल्या. "एक तास दिलाय. मी म्हणते, माणूस सोडू आणि मग काय भांडायचं ते भांडू."

"वहिनी, पोलिसांची भीती तुमाला असंल," मच्छिंद्र म्हणाले. "गावाला न्हाई."

"येऊ द्या त्यास्नी!" पोरं ओरडली.

"आनि दुसरं," मच्छिंद्र पुढे बोलू लागले, "टोळीनं गाव सोडायची बोलनी चाललीत म्हनं. त्ये जमनार न्हाई. फड अर्धा उभा हाय. ऊस तुटल्याबिगर टोळीचा ट्रॅक्टर येशीच्या भाईर जानार न्हाई, ह्यो बी ठराव घ्या."

मागे देवळापाशी कुजबूज झाली. एक-दोन बायकांनी रंगुबाईकडे पाहिलं. ती हलली नाही.

तेव्हा सविताताई खुर्चीवरून उठून माझ्यासमोर आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी कल्याणला विचारलं, "लोक म्हणतात, बिबट्या आधी पिंजऱ्यात येऊन गेला होता. खरं आहे का?"

कल्याण उभा राहिला. माझी उंची कमी, त्याला वाकूनच उभं राहावं लागलं. तो नाही म्हणू शकला असता. ठसे कधीच पुसले गेले होते.

"खरं आहे," तो म्हणाला. "चार दिवस आधी आली होती. दार अडकलं. खाच खराब आहे, ते मला माहीत होतं. दुरुस्तीचे दोन अर्ज केले मी. पण पिंजरा तसाच लावला, तो मीच लावला."

मग दगड आला. तो माझ्या सळईला लागून फुटला आणि त्याचा तुकडा कल्याणच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा, तिसरा दगड आला. माझा आवाज मैदानभर घुमत होता. बायका किंचाळल्या. ताई हात पसरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या तेव्हा दगड थांबले, शिव्या थांबल्या नाहीत.

"लिवून घ्या!" मच्छिंद्र ओरडले. "त्यानं सोताच्या तोंडानं कबूल केलंय. हा खून हाय. वनखात्यानं केलेला खून!"

कल्याणने बाहीने डोळा पुसला. तो मच्छिंद्रांकडे पाहतच नव्हता. तो ताईंना म्हणाला, "माझी चूक मी सांगितली. बाकीच्यांची त्यांनी सांगावी."

हे वाक्य त्याने मोठ्याने म्हटलं नव्हतं. मला ऐकू आलं आणि ताईंना ऐकू आलं. त्या वळल्या आणि कार्यालयात गेल्या. लोकांना वाटलं घाबरून आत गेल्या. "गेली, गेली," असं म्हणून काही जण हसले. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक फाईल होती.

मच्छिंद्रांनी फाईल ओळखली. "वहिनी, ह्ये आत्ता वाचायचं काम न्हाई."

"आत्ताच आहे."

"तुमची बी सही हाय त्याच्यावर. इसरू नका."

"म्हणून तर वाचते," ताई म्हणाल्या. मच्छिंद्रांनी माईक सोडला नाही. ताईंनी माईकशिवाय वाचलं. एकेक शब्द स्पष्ट होता. कोप्या उसाला चिकटून आहेत. बिबट्याचा वावर आहे. माणसांच्या जिवाला धोका आहे. कार्यालयाशेजारी जागा द्यावी, दिवा लावावा. खाली कल्याणची सही, तारीख, आणि ग्रामपंचायतीचा आवक शिक्का.

"हे पत्र मासिक सभेत आलं होतं," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं चर्चा झाली. मच्छिंद्र भाऊजी म्हणाले, टोळी मैदानात आली तर घाण करील, पुढं जत्रा आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग भाऊसाहेबांनी 'दफ्तरी दाखल' असा शेरा लिहिला आणि मी खाली सही केली. दोन पोती चुना टाकून मैदान साफ करता आलं असतं. मी ते बोलले नाही."

"गावाची आब्रू काढायला लागली ही बाई!" श्रीमंत उठले. "खाली बसवा तिला!"

"सरपंचबाईला बी घाला पिंजऱ्यात!" मागून कुणी ओरडलं, आणि यावेळी कुणी हसलं नाही. काही पोरं खरोखर दोन पावलं पुढे आली.

त्यांच्यामधून रंगुबाई चालत आली. कोयता तिच्या हातातच होता, म्हणून माणसं बाजूला झाली. ती माझ्यापाशी येऊन थांबली, एकदा आत पाहिलं आणि मग लोकांकडे तोंड केलं.

"वाघानं माझी सून नेली," ती म्हणाली. "वाघाला अक्कल नसती. तुमाला व्हती. काल रातीपून बगतेय, समदे माझ्या सुनंच्या नावानं बोंबलताय. तिचं नाव काय व्हतं, सांगा बरं एकानं."

श्रीमंतांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं, ग्रामसेवक कागद चाळू लागले.

"निकिता," रंगुबाई म्हणाली. "चार म्हयने तुमचा ऊस तोडला तिनं. आता ह्या पोराला बाहीर काडा. मला त्याची दया आली म्हनून नव्हं. त्याचा पिंजरा बिघडला, त्यानं बी माझं घर बुडीवलं. पन माझा सहादेव कालपून दवाखान्यात मढ्यापाशी उभा हाय. ह्याच्या सहीबिगर मढं देत न्हाईत म्हनत्यात. तुमी ह्याला कोंडला, तर माझी सून तिकडं कोंडली. काडा त्याला. मला लेकाला आन् सुनंला घिऊन माझ्या गावाला जायाचंय."

ताई म्हणाल्या, "माणूस सोडायचा आणि टोळीला जाऊ द्यायचं, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

पायऱ्यांवरच्या बायकांचे हात वर झाले. पुरुषांत पाच-सहा. एक म्हातारा हात वर करून शेजाऱ्याने पाहिल्यावर खाली घेत होता. बाकी मैदान हात घडी घालून उभं होतं. ठराव नामंजूर झाला. ग्रामसेवकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

"भाऊजी, किल्ली द्या," ताई तरीही म्हणाल्या. "सभेनं माणूस कोंडायचा ठराव केला तरी तो कायद्यात बसत नाही."

मच्छिंद्रांनी खिशातून किल्ली काढली, सगळ्यांना दाखवली आणि देवळामागच्या वेड्या बाभळींत जोरात भिरकावली. "घ्या! सोदा! चला रं, फाट्यावर!" ते मोटारसायकलवर बसले. तीस-चाळीस पोरं भिंतीकडचे दगड खिशात, टॉवेलात भरून त्यांच्यामागे निघाली. मैदान अर्धं रिकामं झालं.

टोळीतल्या दोघांनी पहार आणली आणि कुलूप तोडलं. मग दार उचलायला गेले, तर ते निघेना. वरून दाबून बसवलेलं, उजव्या खाचेत घट्ट रुतलेलं. मित्रांनो, मी अंगातला सगळा जोर लावून ते सोडायचा प्रयत्न केला, पण लोखंडाला स्वतःहून काही करता येत नाही. कल्याण आतून सांगत होता, "उजव्या बाजूनं खालून पहार घाला. वर नाही, बाहेर ओढा." टोळीतली माणसं, दोन सदस्य, पायऱ्यांवरून उतरलेल्या बायका, आणि मघाशी हात घडी घालून उभे असलेले तिघे-चौघे पहारीला लागले. दार सुटलं. कल्याण गुडघ्यांवर रांगत बाहेर आला.

त्याने कुणाशी वाद घातला नाही. रुमाल भुवईला बांधला, पिशवीतले कागद काढले आणि पायरीवर बसून पंचनामा लिहिला. रंगुबाईचा अंगठा घेतला. मग ताईंच्या दिराच्या पिकअपमध्ये ती दोघं शेजारी बसून, कच्च्या वाटेने, फाटा टाळून तालुक्याला गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. फाट्यावर त्या दुपारी दगडफेक झाली, लाठ्या पडल्या. सतरा जणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांतली बरीच पोरं अशी होती की त्यांनी पत्र पाहिलं नव्हतं आणि पिंजराही नीट पाहिला नव्हता. मच्छिंद्रांना जामीन मिळाला. गावात आल्यावर त्यांची मिरवणूक निघाली. सविताताईंवर दोन महिन्यांत अविश्वास ठराव आला. आता त्या शेतावर असतात. गावातले काही जण अजून त्यांच्या दारावरून जाताना थुंकतात. कल्याणला निलंबित केलं. कारण लिहिलं होतं, नादुरुस्त पिंजरा वापरल्याबद्दल. त्याचे दुरुस्तीचे अर्ज चौकशीत सापडले नाहीत. टोळी त्याच संध्याकाळी गेली आणि परत त्या गावात आली नाही. एक मादी महिन्याने शेजारच्या शिवारात दुसऱ्या पिंजऱ्यात सापडली. ती तीच होती की दुसरी, हे कुणी खात्रीने सांगू शकलं नाही.

आणि मी? मी गुन्ह्यातला मुद्देमाल झालो. माझ्या सळईला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, लाख लावली आणि मला पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत उभं केलं. तारखा पडतात. शिपाई माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. खटला संपेपर्यंत मला हात लावायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे गंजालाही कुणी हात लावत नाही.

मित्रांनो, ठाण्याच्या खिडकीतून मला आतले फोन ऐकू येतात. यंदाही ऊस उभा आहे. यंदाही टोळ्या आल्यात. परवा सकाळी कुणीतरी घाईघाईने सांगत होतं की कोप्यांपाशी ठसे दिसलेत, पिंजरा पाठवा. आतून उत्तर गेलं, वनखात्याकडे सध्या पिंजरा शिल्लक नाही.

मी इथेच आहे. मला रंग नको, गुलाल नको, फोटो तर मुळीच नको. कुणीतरी माझी उजवी खाच कापून नवी बसवा. पावशेर तेल द्या. महिन्यातून एकदा दार पाडून बघा, आणि ते अडकलं तर जिथे सांगायचं तिथे सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आणि तुमच्या गावच्या कपाटात कुणाचं पत्र पडून असेल, तर आजच काढून वाचा. कोप्यांत आत्ता माणसं राहत आहेत.